निळ्या ब्राँझमधला सीडीडब्ल्यू: आधी तरंगलांबी दाखवा

मॉलिब्डेनमच्या धातुगुणी ऑक्साइडांवर नव्याने काम करणारे विद्यार्थी माझ्याकडे रोध-तापमानाचा पहिला आलेख घेऊन येतात तेव्हा त्यात बहुधा १८० केल्विनपाशी एक छान कोपरा असतो आणि त्याखाली ‘सीडीडब्ल्यू संक्रमण’ असे लिहून टाकलेले असते. मी एवढेच विचारते: तरंगलांबी किती? सीडीडब्ल्यू, म्हणजे चार्ज डेन्सिटी वेव्ह, हा इलेक्ट्रॉनांच्या घनतेत आणि तिच्याबरोबर अणूंच्या जागांत उमटलेला तरंग आहे. त्याची लांबी ठरलेली असते, आणि ती दोन स्वतंत्र वाटांनी काढता येते. एक वाट इलेक्ट्रॉनांची संख्या मोजण्याची, दुसरी अणू किती अंतराने सरकले ते पाहण्याची. दोन्ही उत्तरे जुळली की मग नाव द्यावे. रोधाचा आलेख तुम्हाला फक्त कोणत्या तापमानाला शोधायचे ते सांगतो.

हे सगळे शिकायला निळ्या ब्राँझइतका चांगला पदार्थ नाही. नाव ब्राँझ असले तरी तो मिश्रधातू नाही, ऑक्साइड आहे: दहा मॉलिब्डेनमला तीन पोटॅशियम आणि तीस ऑक्सिजन, असे त्याचे सूत्र. संक्रमण १८० केल्विनला, म्हणजे द्रव नायट्रोजनच्या आवाक्यात. १९८३ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल आणि ओर्से इथल्या गटांनी त्यातला तरंग एक्स-रेमध्ये दाखवला, आणि त्याच वर्षी तो विद्युतक्षेत्राने सरकतो हेही दाखवले. त्यामुळे तुमचे प्रत्येक मोजमाप ताडून पाहायला आधीचा आकडा हाताशी असतो. नव्या ऑक्साइडकडे वळण्यापूर्वी निळ्या ब्राँझवर हात बसवून घ्या.

आधी कारण समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यातूनच निघते. या पदार्थात मॉलिब्डेनम-ऑक्सिजनच्या अष्टफलकांच्या साखळ्या बी अक्षाच्या दिशेने जातात आणि इलेक्ट्रॉन मुख्यतः त्याच दिशेने फिरतात. अशा वेळी फर्मी पृष्ठभाग, म्हणजे तरंगसदिशांच्या अवकाशात भरलेल्या आणि रिकाम्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमधली सीमा, जवळजवळ सपाट, समांतर पत्र्यांचा बनतो. एक पत्रा ठरावीक अंतराने सरकवला की तो दुसऱ्यावर तंतोतंत बसतो. यालाच नेस्टिंग म्हणतात आणि त्या अंतराला २केएफ (केएफ म्हणजे फर्मी पृष्ठभागावरचा तरंगसदिश). जालकात नेमक्या याच तरंगसदिशाची विकृती आली तर फर्मी पातळीवरचे जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन एकाच वेळी खालच्या ऊर्जेला जातात. अणू हलवायला ऊर्जा खर्च होते, पण कमी तापमानाला इलेक्ट्रॉनांची बचत तिच्यावर मात करते. पायर्ल्स यांनी दाखवलेली अस्थिरता ती हीच. इथे लक्षात ठेवायचे ते असे की तरंगलांबी इलेक्ट्रॉनांच्या संख्येवरून ठरते. स्फटिकाच्या आवडीनिवडीचा तिच्याशी संबंध नाही. म्हणूनच ती जालकाच्या अंतराच्या साध्या पटीत बसेलच असे नसते.

मग मोजणीला हात लावण्याआधीच कागदावर तरंगलांबी काढा. निळ्या ब्राँझमध्ये प्रत्येक पोटॅशियम एक इलेक्ट्रॉन देतो, म्हणजे दहा मॉलिब्डेनमच्या गटामागे तीन. हे तीन इलेक्ट्रॉन फर्मी पातळी ओलांडणाऱ्या दोन ऊर्जापट्ट्यांत वाटले जातात. दोन पट्ट्यांत मिळून चार इलेक्ट्रॉन मावतात, तेव्हा एकूण भरण तीन-चतुर्थांश. एका पट्टीचा पत्रा दुसऱ्या पट्टीच्या पत्र्यावर बसतो असे धरले तर नेस्टिंगचे अंतर दोन्ही पट्ट्यांच्या केएफची बेरीज होते, आणि ती ०.७५ बी-स्टार येते (बी-स्टार म्हणजे बी अक्षाच्या लांबीशी जुळणारा व्यस्त जालकाचा सदिश; ए-स्टार, सी-स्टारही तसेच). यातली सोय बघा: दोन पट्ट्यांत इलेक्ट्रॉन कसे विभागले गेले हे माहीत नसले तरी बेरीज बदलत नाही. बी अक्षाची लांबी ७.५६ अँगस्ट्रॉम, म्हणून तरंगलांबी सुमारे १०.१ अँगस्ट्रॉम. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर, मोजमापाच्या आधी, तारखेसह लिहून ठेवा. नंतर लिहिलेल्या भाकितावर माझा विश्वास बसत नाही.

स्फटिकांबद्दल थोडक्यात. पोटॅशियम मॉलिब्डेट आणि मॉलिब्डेनम ट्रायऑक्साइडच्या वितळलेल्या मिश्रणात प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांनी विद्युत-क्षपण करून ते वाढवतात. मिश्रणाचे प्रमाण किंवा तापमान थोडे हलले तर लाल ब्राँझ वाढते. ते अर्धवाहक आहे आणि तुमच्या कामाचे नाही. रंगावरून ते सहज वेगळे काढता येते. निळ्या स्फटिकाचा ताजा पापुद्रा गडद निळा आणि धातूसारखा चकचकीत दिसतो, आणि तो बी अक्षाला समांतर असलेल्या पृष्ठभागावरच सुटतो. पाते हलक्या हाताने लावा. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट रेघा दिसतील, त्यांची दिशा हाच बी अक्ष. तरी नमुना वापरण्यापूर्वी स्फटिकाची दिशा दाखवणारे एक्स-रे लाउए छायाचित्र घेऊन खात्री करावी. रेघांवर भिस्त ठेवून पुढची सगळी मोजमापे कोनात चुकलेली मी पाहिली आहेत.

आता जोडण्या. इथे मी मुद्दाम जास्त वेळ घेते, कारण या पदार्थांतल्या बहुतेक विचित्र आलेखांचे मूळ जोडणीत असते. बी दिशेची वाहकता आडव्या दिशांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. वरच्या पृष्ठभागावर चार ठिपके लावून विद्युतप्रवाह सोडलात तर तो वरच्याच थरात धावतो, खाली उतरतच नाही. शिवाय ही असमानता तापमानानुसार बदलते, म्हणजे प्रवाहाची खोलीही बदलते, आणि तुम्ही रोधकता समजून जे काढता त्यात भूमितीची भेसळ होते. उपाय साधा आहे. प्रवाहाच्या दोन जोडण्या स्फटिकाची दोन्ही टोके पूर्ण झाकतील अशा करा, म्हणजे प्रवाह सगळ्या छेदातून एकसारखा शिरेल. व्होल्टेजच्या दोन जोडण्या मध्ये, कडेपासून कडेपर्यंत जाणाऱ्या बारीक पट्ट्यांच्या स्वरूपात. ताज्या पापुद्र्यावर इंडियमचा थर बाष्पीभवनाने चढवा आणि त्यावर चांदीच्या पेस्टने सोन्याची तार बसवा. पेस्ट थेट ऑक्साइडवर लावली तर खोलीच्या तापमानाला सगळे ठीक वाटते, पण थंड करताना जोडणीचा रोध स्वतःच अर्धवाहकासारखा चढू लागतो. प्रवाहाची आणि व्होल्टेजची जोडी अदलाबदल करून पाहा. चार टोकांचे उत्तर बदलले तर पुढे जाऊ नका.

किती प्रवाह सोडायचा, हे हिशेबाने ठरवा. समजा व्होल्टेजच्या जोडण्यांमध्ये २ मिलिमीटर अंतर आहे आणि छेद अर्धा मिलिमीटर गुणिले ०.२ मिलिमीटर. बी दिशेची रोधकता खोलीच्या तापमानाला ओहम-सेंटिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी असते. ती तीन हजारांश धरली तर रोध ०.६ ओहम. १०० मायक्रोअँपिअर प्रवाहाला ६० मायक्रोव्होल्ट मिळतात. चांगल्या नॅनोव्होल्टमीटरला किंवा लॉक-इन प्रवर्धकाला ते पुरतात. पण हाच प्रवाह ७७ केल्विनपर्यंत तसाच ठेवलात आणि तिथे रोध, समजा, ६०० ओहम झाला, तर त्याच दोन मिलिमीटरवर ६० मिलिव्होल्ट पडतील, म्हणजे सेंटिमीटरला ३०० मिलिव्होल्ट. निळ्या ब्राँझमधला तरंग ७७ केल्विनला सुमारे १०० मिलिव्होल्ट प्रतिसेंटिमीटरलाच सरकू लागतो. म्हणजे थांबलेल्या तरंगाचा रोध मोजतो आहोत असे वाटत असताना तरंग चालू लागलेला असेल. म्हणून थंड करताना प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करा आणि प्रत्येक टप्प्यावर प्रवाह अर्धा करून रोध तोच राहतो का ते तपासा.

थंड करण्याचा वेग मिनिटाला एक केल्विन किंवा त्याहून कमी ठेवा, १८० च्या आसपास आणखी सावकाश. थर्मामीटर नमुन्याच्या ज्या पटलावर आहे त्याच पटलावर, नमुन्याला लागून असू द्या. आलेख काढताना नुसता रोध विरुद्ध तापमान काढून थांबू नका. रोधाचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या आणि १/टी नुसार त्याचा अवकलज काढा. त्याचे शिखर म्हणजे संक्रमणाचे तापमान. अवकलज गोंगाट वाढवतो हे खरे, पण म्हणून आकडे गुळगुळीत करण्याचा मोह आवरा. त्याऐवजी शिखराजवळ पाव केल्विनला एक असे जास्त बिंदू घ्या. शिखराची वरच्या तापमानाकडची बाजू लांबत गेलेली दिसली तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. तिथे तरंगाचे तुकडे आधीच बनत-विरत असतात.

संक्रमणाच्या बरेच खाली अवकलज सपाट झाला तर त्याचे मूल्य म्हणजे गॅपचा (तरंगामुळे इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेत पडलेल्या रिकाम्या फटीचा) अर्धा भाग भागिले बोल्ट्झमन स्थिरांक. समजा उतार ६०० केल्विन आला, त्याला ०.०८६ ने गुणा, साधारण ५२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट. पूर्ण गॅप १०४. आता हाच हिशेब उलटा करा. साध्या माध्य-क्षेत्र सिद्धान्तानुसार पूर्ण गॅप संक्रमण-तापमानाच्या ऊर्जेच्या ३.५२ पट हवा. १८० केल्विन म्हणजे १५.५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्याची ३.५२ पट जेमतेम ५५. निळ्या ब्राँझमध्ये गॅप याच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहून मोठा येतो. यावरून मोजमाप चुकले असे समजू नका. एका साखळीतला तरंग पुष्कळ वरच्या तापमानालाच बनू पाहतो, पण एकट्या साखळीत उष्णतेच्या हेलकाव्यांमुळे तो दूरवर टिकत नाही. शेजारच्या साखळ्या एकमेकींशी ताळ जुळवतात तेव्हा, म्हणजे १८० केल्विनला, तो कायमचा बसतो. चुंबकीय ग्रहणशीलता मोजलीत तर तिची घसरण १८० च्या कितीतरी वर सुरू झालेली दिसेल. त्याचेही कारण हेच.

थंड करतानाचा आणि तापवतानाचा आलेख १८० च्या खाली एकमेकांवर बसणार नाहीत. आधी वेग निम्मा करा. फट कमी झाली तर दोष थर्मामीटरच्या मागे पडण्याचा. तेवढीच राहिली तर ती तरंगाची आहे. तापमानाबरोबर तरंगलांबी थोडी बदलू पाहते, पण अशुद्धींमध्ये अडकलेला तरंग लगेच जुळवून घेऊ शकत नाही. म्हणून प्रत्येक मोजमापाबरोबर नमुन्याचा तापमान-इतिहास लिहावा. तो नसलेला आकडा दुसऱ्या कोणाला पुन्हा मिळवता येत नाही.

इथवर तुमच्याकडे संक्रमण आहे, गॅप आहे. तरंग अजून नाही. बीटा गटातले सोडियम व्हॅनेडियम ब्राँझ घ्या: तेही साखळ्यांचे, तेही धातुगुणी, आणि सुमारे १३५ केल्विनला त्याचाही रोध चढतो. तिथे मात्र व्हॅनेडियमच्या जागांवर विद्युतभाराची मांडणी होते, आणि तिचे स्पष्टीकरण नुसत्या फर्मी पृष्ठभागाच्या नेस्टिंगने होत नाही. दोन्ही रोध-आलेख शेजारी ठेवून कारण ओळखता येणार नाही.

म्हणून एक्स-रे. मूळ जालकाने दिलेल्या मुख्य ब्रॅग ठिपक्यांच्या मध्ये, बी-स्टार दिशेने सुमारे ०.७५ आणि सी-स्टार दिशेने अर्ध्या अंतरावर उपठिपके शोधा. ते मुख्य ठिपक्यांच्या तुलनेत फारच फिके असतात, तेव्हा उघडझाप काळ भरपूर ठेवा आणि शोधकाचा जवळचा भाग मुख्य ठिपक्याने भरून जात नाही ना ते पाहा. सी-स्टार दिशेतल्या अर्ध्याचा अर्थ असा की त्या दिशेने शेजारच्या साखळ्यांतले तरंग विरुद्ध कलेत, एकाच्या शिखरासमोर दुसऱ्याची दरी असे, बसतात. दोन तरंगांमधल्या विद्युतभारांना एकमेकांपासून दूर राहायचे असते, त्याचा हा परिणाम.

एक धोका इथे सांगितलाच पाहिजे. मोनोक्रोमेटरमधून अर्ध्या तरंगलांबीचे किरणही थोडे निसटतात आणि ते बरोबर अर्ध्या जागांवर खोटे ठिपके टाकतात. निळ्या ब्राँझमध्ये ०.७५ च्या जवळचा घटक तुम्हाला वाचवतो, कारण अर्ध्या तरंगलांबीचे किरण पूर्णांकाच्या निम्म्यावरच ठिपका देऊ शकतात. पण जांभळ्या पोटॅशियम ब्राँझमध्ये तरंगसदिश नेमका ए-स्टारचा अर्धा आहे, आणि तिथे हा धोका खरा आहे. नळीचे व्होल्टेज इतके उतरवा की अर्ध्या तरंगलांबीचे किरण निर्माणच होणार नाहीत, आणि ठिपका राहतो का ते पाहा. किंवा संक्रमणाच्या वर जाऊन तो नाहीसा होतो का ते पाहा. खोटा ठिपका तापमानाला दाद देत नाही.

उपठिपका मिळाला की दोन गोष्टी तापमानानुसार मोजा. पहिली त्याची तीव्रता. ती १८० कडे जाताना एकदम न तुटता सलग शून्याकडे गेली पाहिजे. दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, त्याची जागा. खोलीच्या तापमानाला, जिथे ठिपक्याऐवजी धूसर पट्टाच असतो, बी-स्टार घटक सुमारे ०.७२ असतो, थंड होताना तो वाढत जातो आणि १०० केल्विनच्या खाली ०.७५ च्या अगदी जवळ येऊन स्थिरावतो. हा सरकता आकडा पाहिला की मला समाधान वाटते, कारण पोटॅशियमच्या मांडणीने किंवा ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांनी तो समजावता येत नाही. दीडशे केल्विनला पोटॅशियम आपली जागा सोडून नवी लांबी मांडू शकत नाही. काही इलेक्ट्रॉन मात्र तापमान वाढले की या दोन पट्ट्यांतून फर्मी पातळीच्या जरा वरच्या तिसऱ्या पट्टीत सहज जातात, आणि थंड केले की परत येतात. आणि शेवटी येऊन थांबलेला ०.७५ हा तुमच्या वहीच्या पहिल्या पानावरचाच आकडा आहे.

खोलीच्या तापमानाला ठिपके नसतात. बी-स्टारला लंब असे पसरट, धूसर पट्टे असतात. त्यासाठी स्फटिक स्थिर ठेवून लांब उघडझाप घ्यावी लागते. तो पट्टा म्हणजे साखळीच्या आत जुळलेला पण शेजाऱ्यांशी अजून न जुळलेला तरंग. थंड करत गेलात की पट्टा आकसत ठिपक्यात गोळा होतो. न्यूट्रॉन-विकिरणाची सोय मिळाली तर त्याच तरंगसदिशाला एक फोनॉन, म्हणजे जालकाचे एक कंपन, मऊ पडत जाताना, म्हणजे त्याची वारंवारता उतरताना, दिसेल. कोह्न यांच्या नावावरून कोह्न विसंगती म्हणतात ती. रामन वर्णपटात संक्रमणाच्या खाली तरंगाच्या आयामाचे कंपन नवी रेघ म्हणून येते. या दोन्ही साक्षी चांगल्या, पण धूसर पट्टा साध्या प्रयोगशाळेतही मिळतो. तो घेतल्याशिवाय काम पूर्ण समजू नका.

आता सरकता तरंग. फ्रॉलिश यांनी १९५४ साली असा तरंग एकसंध सरकून विद्युतप्रवाह वाहील असे मांडले होते. प्रत्यक्षात अशुद्धी त्याला धरून ठेवतात. जड कपाट फरशीवरून ढकलताना एका जोरापर्यंत ते हलत नाही आणि मग एकदम सरकते, तसे इथे एका क्षेत्रापर्यंत ओहमचा नियम चालतो आणि पुढे वाहकता वाढू लागते. नमुना ७७ केल्विनला ठेवा, प्रवाह हळूहळू वाढवा, प्रवाहानुसार व्होल्टेजच्या अवकलजाचा आलेख काढा. उंबरठ्याला स्पष्ट मोड दिसेल. लगेच तापण्याची शंका मिटवा: काही दशक मायक्रोसेकंदांचे स्पंद द्या आणि स्पंदाच्या सुरुवातीचे व शेवटचे व्होल्टेज सारखेच आहे ना ते पाहा. नमुना गरम होत असेल तर स्पंद लांबत जाईल तसे व्होल्टेज उतरत जाईल. उंबरठ्याला असे काही होत नाही. दुसरी कसोटी, व्होल्टेजच्या जोडण्यांमधले अंतर बदलून उंबरठा पुन्हा काढा. तो ठरावीक क्षेत्राला यायला हवा, ठरावीक ऊर्जाखर्चाला नव्हे. अगदी जवळजवळ जोडण्या ठेवू नका. प्रवाहाच्या टोकाशी तरंगाला आपली कला तोडावी लागते, तिथे जादा व्होल्टेज खर्च होते आणि उंबरठा खोटा मोठा दिसतो.

उंबरठ्याच्या वर व्होल्टेजचा गोंगाट वर्णपट-विश्लेषकावर पाहिलात तर त्यात ठरावीक वारंवारतेची शिखरे दिसतात. तरंग एक लांबी पुढे सरकला की एक आवर्तन. इथे तरंगलांबी तिसऱ्यांदा हाती येते. एकक पेशीचे आकारमान सुमारे १२०६ घन अँगस्ट्रॉम आणि तिच्यात वीस मॉलिब्डेनम, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन. घनता ५ गुणिले १० चा २१ वा घात, प्रतिघनसेंटिमीटर. तिला इलेक्ट्रॉनच्या भाराने आणि १० अँगस्ट्रॉमने गुणा: एका हर्ट्झमागे प्रतिचौरस-सेंटिमीटर ८० मायक्रोअँपिअर. वरच्या नमुन्याचा छेद चौरस सेंटिमीटरचा हजारावा भाग आहे, तेव्हा तरंगाने वाहिलेल्या ८० मायक्रोअँपिअरला सुमारे १ किलोहर्ट्झ. एकूण प्रवाहातून ओहमी भाग वजा करायला विसरू नका. तुमचा उतार यापेक्षा तिरका आला, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला वारंवारता जास्त मिळाली, तर बहुधा तरंग सगळ्या छेदात सरकत नाही. एकच तीक्ष्ण शिखर देणारे स्फटिक दुर्मीळ असतात. असा मिळाला तर त्याच्यावरच बाकीची मोजमापे करा.

निळ्या ब्राँझवर हे सगळे साधल्यावर जांभळ्यांकडे या. जांभळे पोटॅशियम ब्राँझ थरांचे आहे, संक्रमण १२० केल्विनला, आणि त्याखालीही ते धातूच राहते. रोधात फक्त उंचवटा येतो. त्याचा फर्मी पृष्ठभाग पाहून नेस्टिंग दिसणार नाही. तो तीन दिशांच्या साखळ्यांचे पृष्ठभाग एकमेकांत मिसळून बनलेला आहे. त्यांना वेगळे करून पाहिले की प्रत्येकातले सपाट पत्रे उघडे पडतात आणि एकच सदिश दोन साखळ्यांना एकदम नेस्ट करतो. १९९१ साली ही लपलेल्या नेस्टिंगची कल्पना मांडली गेली. तरंग जालकाच्या बरोबर दुप्पट लांबीचा असल्याने तो जालकातच घट्ट अडकतो, तेव्हा इथे उंबरठ्याची वाट पाहू नका. एक्स-रे आणि हॉल परिणाम यांवर भर द्या. ईटा जातीच्या मॉलिब्डेनम ऑक्साइडात, चार मॉलिब्डेनमला अकरा ऑक्सिजन असलेल्या, १०९ आणि सुमारे ३० केल्विनला अशी दोन संक्रमणे आहेत. दोन्हींचे तरंगसदिश वेगवेगळे काढावे लागतात.

जांभळे लिथियम ब्राँझ मात्र शेवटी घ्या. साखळ्यांचे, धातुगुणी, १.९ केल्विनला अतिवाहक, आणि सुमारे २५ केल्विनच्या खाली रोध वर वळणारे. कागदावर सगळी लक्षणे जमून येतात, आणि तरीही निळ्या ब्राँझसारखे उपठिपके तिथे हाती येत नाहीत. रोध वर का वळतो याची एकाहून जास्त स्पष्टीकरणे आजही शेजारी शेजारी उभी आहेत. त्याचा आलेख काढलात तर खाली ‘२५ केल्विनला रोधाचे वळण’ एवढेच लिहा.